विज्ञानकथेतील बाई : यंत्रकन्येपासून यंत्रसुनेपर्यंत

पिंपळगाव बसवंत, प्रतिनिधी

दूरदर्शनच्या 'डीडी किसान' वाहिनीने २६ मे २०२४ रोजी, आपल्या नवव्या वर्धापनदिनी, दोन नवे निवेदक पडद्यावर आणले. एकाचे नाव कृष आणि दुसरीचे भूमी. दोघेही माणसे नव्हेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या त्या बोलत्या प्रतिमा आहेत. हवामान, बाजारभाव, कृषी संशोधन आणि शासकीय योजना यांची माहिती ते देशी-विदेशी पन्नास भाषांत देऊ शकतात, वर्षाचे ३६५ दिवस न थकता, न थांबता बातम्या वाचू शकतात, असे त्या वेळी सांगण्यात आले. टोमॅटोच्या जाळीचा आणि कांद्याच्या क्विंटलचा भाव ज्या गावात सकाळच्या चहाइतकाच आवश्यक मानला जातो, त्या पिंपळगाव बसवंतला या घोषणेचे अप्रूप वाटावे, हे साहजिकच होते.

तथापि या घटनेची दुसरी बाजू तितकीशी चर्चिली गेली नाही. दूरदर्शनने निदान स्त्री-पुरुषांची जोडी तरी आणली. त्याआधी खासगी वाहिन्यांनी जे यंत्रनिवेदक आणले, त्यांतील बहुचर्चित चेहरे बायकांचे होते. मार्च २०२३ मध्ये 'आज तक'ची सना आली. त्याच वर्षीच्या जुलैत ओडिशातील 'ओटीव्ही'ने हातमागाची साडी नेसलेली लिसा आणली आणि कर्नाटकातील 'पॉवर टीव्ही'ने सौंदर्या नावाची निवेदिका सादर केली. संगणकाच्या आज्ञावलीला स्त्री काय आणि पुरुष काय, दोन्ही सारखेच. मग कंपन्यांना आणि वाहिन्यांना यंत्राला मुखवटा द्यायचा म्हटला की तरुण, हसतमुख, न थकणारी, उलट उत्तर न देणारी बाईच का सुचावी?

या प्रश्नाचे उत्तर अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडणार नाही. ते छोट्या पडद्यावर आपण गेली तीन-चार दशके पाहत आलेल्या विज्ञानकथांत सापडते. तेथे बाईला काय काम दिले गेले आणि ते काम करणाऱ्या अभिनेत्रींना कसे वागवले गेले, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

वार्ताहर गीता विश्वास

दूरदर्शनच्या काळात विज्ञानकाल्पनिका मोजक्याच आल्या. १९८९ मध्ये आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' ही मालिका आली. तिच्यातील मुलांच्या टोळीत उर्मिला मातोंडकर होती. पुढे 'रंगीला'ने (१९९५) तिच्यावर जो शिक्का बसवला, त्याआधीची ही उर्मिला आज फारशी कुणाच्या लक्षात नाही. १९९८ मध्ये केतन मेहता यांनी मिलिंद सोमणला घेऊन 'कॅप्टन व्योम' केली. शीर्षकातच नायक असल्याने बाकीच्यांचे स्थान ठरून गेले होते.

खरा ठसा उमटवला तो 'शक्तिमान'ने. सप्टेंबर १९९७ ते मार्च २००५ अशी साडेसात वर्षे ही मालिका चालली. आज तिशी-चाळिशीत असलेल्या पिढीचे कितीतरी रविवार तिने खाल्ले. मालिकेत योगसाधना होती, पंचमहाभूते होती आणि जोडीला प्रयोगशाळेत वेडेवाकडे प्रयोग करणारा शास्त्रज्ञही होता. त्यामुळे तिला शुद्ध विज्ञानकथा म्हणावे की नाही याबद्दल वाद घालता येईल. परंतु घराघरातील मुलांसाठी विज्ञानकथा म्हणजे तीच होती. तिची नायिका गीता विश्वास ही वृत्तपत्राची वार्ताहर. सुरुवातीला किटू गिडवानी आणि नंतर दीर्घकाळ वैष्णवी महंत यांनी ती साकारली.

त्या काळाचा विचार करता ही व्यक्तिरेखा पुढारलेली होती, हे मान्य करावे लागेल. गीता नोकरी करते, एकटी फिरते, गुन्हेगारांच्या मागावर जाते. 'कुणाची बायको' किंवा 'कुणाची सून' अशी तिची ओळख करून द्यावी लागत नाही. १९९७ मध्ये तालुक्याच्या गावांत बाई वार्ताहर अपवादानेच दिसत असे. त्या वेळी घरातील मुलींनी पडद्यावर दर आठवड्याला एक बाई वार्ताहर पाहिली, हे काही थोडके नव्हे. मात्र कथेचा साचा अमेरिकेतून आला होता. सुपरमॅन आणि त्याची लोइस लेन यांचा तो साचा. वार्ताहर बाई धाडस करते ते संकटात सापडण्यासाठी आणि संकटात सापडते ती नायकाने उडत यावे म्हणून. ज्याच्या शोधात ती जगभर फिरते, तो शेजारच्याच टेबलावर चष्मा लावून बसलेला छायाचित्रकार गंगाधर आहे, हे सहा वर्षांच्या पोराला कळते, पण बातमीदारीचे शिक्षण घेतलेल्या गीताला कळत नाही. व्यवसायबंधू म्हणून हे आम्हांला तेव्हाही खटकायला हवे होते. खटकले नाही, याचे कारण त्या वयात आम्हीही शक्तिमानच्याच बाजूने मालिका पाहत होतो.

याच मालिकेचे निर्माते आणि नायक मुकेश खन्ना यांचे एक वक्तव्य ऑक्टोबर २०२० मध्ये वादग्रस्त ठरले. बायका घराबाहेर पडून काम करू लागल्या तेव्हापासून 'मी टू'ची समस्या सुरू झाली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. टीका झाल्यावर आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला, बायकांनी काम करण्यास आपला विरोध नाही, असा खुलासा त्यांनी केला. खुलासा त्यांच्या पदरी टाकूनही एक गोष्ट उरते. ज्या मालिकेने देशातील मुलांना नोकरी करणारी बाई इतकी वर्षे दाखवली, तिच्या कर्त्याच्या तोंडून हे आले.

वैष्णवी महंत यांची पुढील वाटचालही बोलकी आहे. 'सपने सुहाने लडकपन के' (२०१२) सारख्या दैनंदिन मालिकांतून त्या आईच्या भूमिकेत दिसू लागल्या. आईची भूमिका कमी प्रतीची असते असे नव्हे. परंतु नायक शक्तिमानच राहतो आणि नायिकेची आई होते, हा या व्यवसायाचा अलिखित नियम आहे.

कपाटातली मुलगी

जानेवारी २००३ मध्ये 'स्टार प्लस'वर 'करिश्मा का करिश्मा' सुरू झाली. एक अभियंता लहान मुलीच्या रूपातील यंत्रमानव बनवतो, घरी आणतो आणि ती घरातलीच मुलगी असल्याचे शेजाऱ्यांना भासवतो, हे तिचे सूत्र. ते 'स्मॉल वंडर' (१९८५–८९) या अमेरिकी मालिकेवरून घेतलेले होते. मूळ मालिकाही हिंदीत भाषांतरित होऊन आपल्याकडे लोकप्रिय झालेली होती. त्या मूळ मालिकेतील विकी नावाची यंत्रकन्या भागामागून भाग तोच लाल-पांढरा झगा घालत असे आणि रात्री घरातील मुलाच्या खोलीतल्या कपाटात उभी राहत असे. तिला सांगितलेले काम ती ताबडतोब करी. मुलाचा गृहपाठ, भांडी, जड सामान उचलणे, सगळे. घरात खरा मुलगा आहे, त्याला खोड्या काढण्याची, रुसण्याची, चुकण्याची मुभा आहे. यंत्राची मुलगी मात्र चुकली की 'बिघाड' ठरतो. हा विनोद म्हणून दाखवला गेला आणि आपण तो विनोद म्हणूनच पाहिला.

एक योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे. ही मालिका सुरू झाली त्या जानेवारीत कल्पना चावला 'कोलंबिया' यानातून पृथ्वीभोवती फिरत होती. १ फेब्रुवारीला ते यान परतताना कोसळले. हरियाणातील कर्नालची मुलगी अंतराळात प्रयोग करीत असताना आपल्या पडद्यावरील विज्ञान मात्र घरकाम करणाऱ्या मुलीपर्यंतच पोचले होते.

करिश्माचे काम करणारी झनक शुक्ला तेव्हा खरोखरच लहान मुलगी होती. त्याच वर्षी 'कल हो ना हो' चित्रपटातही ती दिसली. यंत्राची मुलगी थकत नाही, पण तिचे काम करणारी मुलगी थकते, हे चित्रीकरणस्थळी पाहणारी स्पष्ट कायदेशीर चौकट त्या काळी जवळजवळ नव्हतीच. बालकलाकारांना दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक काम देऊ नये, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त राबवू नये, उत्पन्नातील किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी, या तरतुदी बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर २०१७ च्या नियमांनी आल्या. झनकने पुढे किशोरवयातच अभिनय सोडला आणि ती पुरातत्त्वाच्या अभ्यासाकडे वळली. अमेरिकेत विकी साकारणारी टिफनी ब्रिसेटही अभिनय सोडून परिचारिका झाली. दोघींनी ज्या कामांची निवड केली, त्या कामांत आज्ञावली चालत नाही.

मुलीची सून झाली

तेरा वर्षांनी यंत्रकन्या मोठी झाली. २०१६ मध्ये 'लाइफ ओके'वर 'बहू हमारी रजनीकांत' आली. रिद्धिमा पंडितने साकारलेली रजनी ही शास्त्रज्ञ तरुणाने घडवलेली यंत्रमानव असते आणि परिस्थितीच्या ओघात तिला घरची सून म्हणून स्वीकारावे लागते. सकाळी सर्वांत आधी उठणारी, न थकणारी, सांगितलेले विसरत नाही अशी सून. मालिका विनोदी होती आणि सासू-सुनांच्या मालिकांची थट्टा करण्याचाही तिचा हेतू होता. रजनी शब्दशः आज्ञा पाळते आणि त्यामुळे घरात गोंधळ उडतो. त्या गोंधळातून सासरच्या अपेक्षाच किती हास्यास्पद आहेत हे कधीकधी उघडे पडत असे. पण थट्टेची धार फार काळ टिकत नाही. रोज एक भाग दाखवायचा म्हटले की थट्टा ज्याची करायची, तेच अखेर दाखवावे लागते. शेवटी प्रेक्षकांपुढे उरली ती आदर्श सूनच, फक्त विजेवर चालणारी.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मराठीत सुजय डहाके यांचा 'फुंतरू' हा चित्रपट आला. मराठी पडद्यावर विज्ञानकथेचे धाडस दुर्मीळ, म्हणून त्याचे कौतुकच व्हायला हवे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी आपल्याला आवडणाऱ्या मुलीची प्रकाशप्रतिमा तयार करतो, असे त्याचे कथानक. 'शाळा'मधील शिरोडकर म्हणून घराघरात पोचलेल्या केतकी माटेगावकरने यात खरी मुलगी आणि तिची प्रतिमा, दोन्ही साकारल्या. प्रत्यक्षातली मुलगी हाती लागत नाही म्हणून तिची प्रत काढायची, ही कल्पना २०१६ मध्ये तांत्रिक चमत्कार वाटली. आज मुलींची छायाचित्रे उचलून त्यांच्या खोट्या चित्रफिती बनवण्याचे प्रकार पोलीस ठाण्यांपर्यंत पोचले आहेत. त्या प्रकाशात हे कथानक पुन्हा पाहिले तर प्रेक्षक म्हणून थोडे अस्वस्थ व्हायला होते. 'तिची परवानगी कुणी घेतली?' हा प्रश्न तेव्हा आपल्यापैकी फार थोड्यांना पडला होता.

पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' या हिंदी चित्रपटात क्रिती सेनॉन सिफ्रा नावाची यंत्रमानव झाली. नायक तिच्या प्रेमात पडतो आणि घरच्यांना भेटवायला घेऊन जातो. घरच्यांना मुलगी पसंत पडते. यंत्र पसंत पडते ते का, याचे उत्तर विवाहविषयक जाहिरातींची पाने चाळणाऱ्या कुणालाही देता येईल.

मराठी विज्ञानसाहित्याची गोष्ट या बाबतीत वेगळी आहे, हे सांगितले पाहिजे. जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीतील यंत्रमानव वामन आहे. त्याच्यापुढचा पेच घरकामाचा नाही, तर आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव घडवण्याचा आहे. म्हणजे यंत्राला महत्त्वाकांक्षा द्यायची तेव्हा लेखकाला पुरुष सुचला आणि यंत्राला पोळ्या लाटायला लावायच्या तेव्हा वाहिन्यांना बाई सुचली. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हा त्यांच्या कथांवर मालिका का झाल्या नाहीत, अशी हळहळ अनेकांनी व्यक्त केली. ती रास्तच आहे. मात्र झाल्या असत्या तर त्यांतील स्त्रियांचे वाहिन्यांनी काय केले असते, हाही प्रश्न मनात येतो.

सातासमुद्रापार

हा दोष केवळ आपला नव्हे. अमेरिकी दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांची जननी मानली जाणारी 'स्टार ट्रेक' आपल्याकडे दूरदर्शनवरही दाखवली गेली होती. तिचा पहिला नमुना भाग १९६४-६५ मध्ये चित्रित झाला तेव्हा यानाच्या कप्तानाखालोखालचा अधिकारी एक बाई होती. मॅजेल बॅरेट यांनी ती भूमिका केली होती. दुसरा नमुना भाग केला गेला त्यात ही अधिकारी गायब झाली आणि मालिका सुरू झाल्यावर त्याच बॅरेट परिचारिका म्हणून परतल्या. उपकप्तान ते परिचारिका, एवढा प्रवास दोन वर्षांच्या आत झाला.

त्याच मालिकेतील ग्रेस ली व्हिटनी यांना पहिल्याच पर्वात वगळण्यात आले. त्याच्या काही दिवस आधी मालिकेशी संबंधित एका बड्या अधिकाऱ्याने आपल्यावर लैंगिक अत्याचार केला, असे त्यांनी १९९८ मधील आत्मचरित्रात लिहिले. त्या अधिकाऱ्याचे नाव त्यांनी दिले नाही. लिहायला तीस वर्षे लागली. आपल्याकडे मल्याळम चित्रसृष्टीविषयीचा न्या. हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला सादर झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये जनतेला वाचायला मिळाला, हे लक्षात घेतले तर तीस वर्षांचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांची कथा मात्र थोडी वेगळी आहे. भूमिकेला वाव नाही म्हणून त्या मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून त्यांना थांबवले, ही आठवण त्या आयुष्यभर सांगत. कृष्णवर्णीय बाई यानाच्या नियंत्रणकक्षात बसलेली दिसणे, याचे मोल किंग यांना पटकथाकारांपेक्षा अधिक कळले होते. १९७७ पासून निकोल्स यांनी 'नासा'च्या भरती मोहिमेसाठी काम केले. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांनी अर्ज करावेत म्हणून त्या देशभर फिरल्या. त्यानंतर निवडल्या गेलेल्या तुकडीत सॅली राइड होत्या. १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या मे जेमिसन यांनीही उहुराचे ऋण जाहीरपणे मान्य केले.

म्हणजे भूमिका तोकडी असली तरी तिचे पडसाद मोठे असू शकतात. 'एक्स-फाइल्स'मधील डॉ. स्कली हे त्याचे आणखी ठळक उदाहरण. तर्कशुद्ध बोलणारी डॉक्टर बाई आणि श्रद्धाळू पुरुष, ही उलटापालट १९९३ मध्ये नवी होती. विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्या आणि स्कलीला ओळखणाऱ्या स्त्रियांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींनी तिला आदर्श मानल्याचे जीना डेव्हिस संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासात आढळले. अन् जिने ही भूमिका केली त्या जिलियन अँडरसनला सुरुवातीला सहनायकापेक्षा बरेच कमी मानधन होते. कॅमेऱ्यापुढे चालताना तिने त्याच्या किंचित मागे राहावे, अशी अपेक्षा होती. भांडून तिने बरोबरी मिळवली. २०१६ मध्ये मालिका पुन्हा सुरू करताना तिला पुन्हा निम्मेच देऊ करण्यात आले आणि पुन्हा भांडावे लागले, हे तिने स्वतःच सांगितले आहे.

'स्टार ट्रेक : व्हॉयेजर'मध्ये १९९५ साली बाई कप्तान आली. केट मलग्रू यांनी ती भूमिका गांभीर्याने केली. १९९७ मध्ये प्रेक्षकसंख्येची चिंता वाटू लागली तेव्हा जेरी रायनला अंगाला चिकटलेल्या पोशाखात आणले गेले. तो पोशाख इतका घट्ट होता की त्यात नीट श्वास घेणेही जड जाई, असे तिने पुढे मुलाखतींतून सांगितले. तिची व्यक्तिरेखा मात्र मालिकेतील सर्वांत चांगल्या लिहिलेल्या व्यक्तिरेखांपैकी एक ठरली. या घडामोडीत मलग्रू आणि रायन यांच्यात दुरावा आला. आपण तेव्हा रायनशी वाईट वागलो, असे मलग्रू यांनी नंतर जाहीरपणे मान्य केले. निर्णय वाहिनीचा आणि भांडण दोन बायकांत, हे आपल्या मालिकांतील सासू-सुनांच्या प्रेक्षकांना काही नवे वाटू नये.

ओझरच्या आकाशात

पिंपळगावहून महामार्गाने नाशिककडे निघाले की वाटेत ओझर लागते. तेथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात आधी मिग आणि नंतर सुखोई-३० विमाने तयार झाली. द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका डोक्यावरून जाणाऱ्या या विमानांकडे आता मान वर करूनही पाहत नाहीत, इतकी ती सवयीची आहेत. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या हवाई दलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. त्यांपैकी अवनी चतुर्वेदी सुखोई-३० चालवतात. पडद्यावर यंत्रसून भाकऱ्या थापत होती, ते हेच वर्ष.

आता इस्रोकडे पाहू. सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळयान कक्षेत पोचल्यावर साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या स्त्री कर्मचाऱ्यांचे छायाचित्र जगभर गाजले. चांद्रयान-२ (२०१९) मोहिमेच्या प्रकल्प संचालक मुथय्या वनिता होत्या आणि मोहीम संचालक रितू करिधाल. चांद्रयान-३ च्या सहप्रकल्प संचालक कल्पना कालहस्ती होत्या. हे सारे प्रत्यक्षात घडले आहे. पण ऑगस्ट २०१९ मध्ये मंगळमोहिमेवर 'मिशन मंगल' चित्रपट आला तेव्हा जाहिरातीच्या फलकावर अक्षयकुमार मोठा आणि विद्या बालनसह पाच अभिनेत्री लहान, यावरून टीका झाली. चित्रपटाला पैसा नायकाच्या नावावर मिळतो, असे त्यावर उत्तर दिले गेले. व्यवहाराच्या दृष्टीने ते खरेही असेल. परंतु मग व्यवहार आणि वस्तुस्थिती यांत एवढे अंतर का, हे त्या उत्तराने कळत नाही.

याच इस्रोने २२ जानेवारी २०२० रोजी बंगळुरूत 'व्योममित्र' सादर केली. गगनयान मोहिमेच्या मानवविरहित उड्डाणासाठी बनवलेली ही स्त्रीरूपी यंत्रमानव. कमरेखालचा भाग नसल्याने तिला अर्धमानव म्हटले गेले. यानातील कळफलक हाताळणे, जीवरक्षक यंत्रणेवर लक्ष ठेवणे ही तिची तांत्रिक कामे. त्या दिवशी तिने स्वतःची ओळख करून देताना आणखी एक काम सांगितले : अंतराळवीरांना सोबत करणे, त्यांच्याशी गप्पा मारणे, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे. रशियाने ऑगस्ट २०१९ मध्ये अंतराळ स्थानकावर पाठवलेल्या यंत्रमानवाचे नाव फ्योदोर होते. त्याच्या ओळखीत सोबतीचे हे मार्दव नव्हते.

२७ फेब्रुवारी २०२४ रोजी गगनयानसाठी निवडलेल्या चौघांची नावे जाहीर झाली. प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला. चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक, चौघेही पुरुष. पहिल्या तुकडीसाठी चाचणी वैमानिकच हवेत, ही अट तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखी आहे. निवड झाली तेव्हा त्या श्रेणीत स्त्रिया नव्हत्या, हेही खरे. अन् त्या का नव्हत्या, याचे कारण लढाऊ विमानांची दारेच २०१६ मध्ये उघडली. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये, पुढील मोहिमांसाठी महिला लढाऊ चाचणी वैमानिक किंवा शास्त्रज्ञ मिळाव्यात अशी इच्छा व्यक्त केली होती. शुक्ला जून २०२५ मध्ये अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय स्थानकावर जाऊनही आले. हे वाचताना व्योममित्र ही दूरचित्रवाणीवरील करिश्मा आणि रजनी यांची थोरली बहीण वाटू लागते. फरक एवढाच की तिला भांडी घासावी लागत नाहीत.

कुणी म्हणेल, यंत्राच्या चेहऱ्यावरून एवढे काहूर कशाला? युनेस्कोने २०१९ मध्ये नेमक्या याच विषयावर अहवाल काढला होता. भ्रमणध्वनीतील सहायकाला मुळातच बाईचा आवाज दिल्याने, बाई म्हणजे आज्ञा पाळणारी आणि अपमान गोड बोलून गिळणारी, ही समजूत लहान मुलांत घट्ट होते, असा त्याचा रोख होता. अमेरिकेत 'सिरी'ने २०२१ मध्ये बाईचा आवाज गृहीत धरणे थांबवले आणि निवड वापरणाऱ्यावर सोपवली. कंपनीला एक ओळ बदलावी लागली. यंत्राचा चेहरा ही अशी सहज बदलता येण्याजोगी बाब आहे, म्हणूनच ती न बदलण्याबद्दल विचारणा व्हायला हवी.

दिग्दर्शिका आल्या तेव्हा

आंतरजालावरील वाहिन्या आल्यावर चित्र थोडे पालटले, हे मान्य केले पाहिजे. २०१९ मध्ये 'लैला' या मालिकेत हुमा कुरेशीने भविष्यातील एका शुद्धतावादी राजवटीत आपली मुलगी शोधणारी आई साकारली. २०२१ मध्ये 'ओके कॉम्प्युटर' आली. तिच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक पूजा शेट्टी. पुण्याच्या राधिका आपटेने त्यात यंत्रमानवांच्या हक्कांसाठी लढणारी कार्यकर्ती रंगवली. बाई यंत्र असण्याऐवजी यंत्राची बाजू मांडणारी झाली, ही गोष्ट छोटी नव्हे. मालिका मात्र फार पाहिली गेली नाही.

सर्वांत लक्षणीय नाव आरती कडव यांचे आहे. नागपूरच्या आणि आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या कडव यांनी तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरी सोडून चित्रपटाची वाट धरली. त्यांचा 'कार्गो' २०१९ च्या मामि महोत्सवात आणि सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. 'पुष्पक ६३४-ए' नावाच्या यानात मृतांना पुनर्जन्मासाठी तयार करणारा एक राक्षस अनेक वर्षे एकटा काम करतो आहे. तेथे युविष्का नावाची साहाय्यक येते. विक्रांत मॅसी आणि श्वेता त्रिपाठी यांच्या या जोडीत युविष्का नायकाला रिझवायला आलेली नाही. ती काम शिकायला आली आहे, तिचे काही जमते, काही जमत नाही, तिला स्वतःची भीती आहे. रंगवलेले पुठ्ठे आणि जुनी यंत्रे वापरून उभ्या केलेल्या या यानात पैसा कमी दिसतो आणि विचार जास्त.

याच कडव यांचा पुढचा मोठा चित्रपट 'मिसेस'. 'द ग्रेट इंडियन किचन' या मल्याळम चित्रपटाचे हे हिंदी रूप फेब्रुवारी २०२५ मध्ये 'झी फाइव्ह'वर आले. सान्या मल्होत्राने साकारलेली नवी नवरी सकाळपासून रात्रीपर्यंत चिरते, वाटते, लाटते, पुसते. पाण्याचा नळ गळत राहतो आणि कुणी तो दुरुस्त करून देत नाही. येथे यान नाही, यंत्रमानव नाही, भविष्यकाळही नाही. पण रजनीची आज्ञावली जी, तीच या सुनेकडूनही अपेक्षिली जाते. फरक असा की ही थकते. चित्रपटावर वाद झाला. यात काय मोठे, इतकी कामे तर सगळ्याच बायका करतात, असे म्हणणाऱ्यांचीही कमी नव्हती.

मराठी वाहिन्यांवर अद्याप विज्ञानकथेची परंपरा रुजलेली नाही. रोजचा भाग रोज चित्रित करायचा, एकाच घराचा देखावा महिनोन् महिने वापरायचा, या हिशेबात यान बसत नाही, असे सांगितले जाते. 'कार्गो'चा खर्च पाहता हे कारण पूर्णपणे पटत नाही. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथा ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. त्यांतील कित्येक कथांना एक खोली आणि दोन पात्रे पुरतात. पुढेमागे एखाद्या वाहिनीने त्या हाती घेतल्या, तर पटकथेच्या पहिल्या बैठकीत किती लेखिका बसलेल्या आहेत, हे विचारायला हरकत नसावी. दरम्यान 'डीडी किसान'वर कृष आणि भूमी भाव सांगत राहतील आणि बाजार समितीच्या आवारात टोमॅटोची प्रतवारी करणाऱ्या बायका आपले काम करीत राहतील. त्यांना किती मजुरी द्यायची, ते मात्र अजून माणसेच ठरवतात.